हौशी छायाचित्रकारासाठी फोटो एडिटिंग: लाइटरूम, डार्कटेबल, रॉथेरपी आणि इतर पर्याय

एखादा डीएसएलआर किंवा मिररलेस कॅमेरा, त्याच्याबरोबर आलेली किट लेन्स, फार तर एक ५० मिमीची प्राइम लेन्स आणि महिन्यातून एखादा ट्रेक, घरचे कार्य किंवा सणाची गर्दी टिपण्याची हौस, एवढ्यावर छायाचित्रण करणाऱ्या माणसाला सॉफ्टवेअरबाबत मिळणारा सल्ला बहुतेक वेळा व्यावसायिकांच्या गरजेतून आलेला असतो. लग्नाचे हजारो फोटो ठरलेल्या तारखेला द्यायचे असतील, तर वेग ही पहिली अट ठरते आणि त्यासाठी पैसे मोजणे परवडते. हौशी माणसाचा हिशेब वेगळा असतो. त्याच्या हाती रविवारची दुपार असते, लॅपटॉप घरातल्या सगळ्यांचा असतो आणि मध्येच दोन-तीन महिने कॅमेरा कपाटात राहू शकतो. म्हणून पुढील तुलना मी तीन प्रश्नांभोवती केली आहे: शिकायला किती वेळ लागतो, पैसे कोणत्या रीतीने द्यावे लागतात, आणि आपण केलेले काम नेमके कुठे साठते, म्हणजेच उद्या ते सॉफ्टवेअर सोडले तर हाती काय उरते. तिसरा प्रश्न सुरुवातीला फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते मात्र निवड त्यावरच ठरावी, कारण चांगल्या सॉफ्टवेअरांतून निघणाऱ्या अंतिम फोटोंत जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी मोठा फरक ह्या उत्तरात असतो.

त्याआधी एक गोष्ट ठरवून टाकावी: आपण रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली आणि कॅमेऱ्याने पुढची प्रक्रिया न केलेली फाइल, वापरणार आहोत का? जेपेग फाइलमध्ये लाल, हिरवा आणि निळा ह्या प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ फाइलमध्ये त्या ४,०९६ आणि १४ बिटच्या फाइलमध्ये १६,३८४ असतात. सावलीत गेलेला चेहरा उजळताना किंवा पांढुरके झालेले आकाश परत आणताना ह्याच पायऱ्या कामी येतात. जेपेगमध्ये तेच करायला गेले की रंगांचे पट्टे उमटतात आणि त्वचा मातकट दिसू लागते. मात्र फोटो फोनवर किंवा जेपेगमध्येच काढायचे, थोडे कातरायचे, थोडे उजळायचे आणि घरच्या ग्रुपवर पाठवायचे, एवढेच काम असेल, तर संगणकावरच्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. गूगलचे स्नॅपसीड त्यासाठी पुरेसे आहे. ते मोफत आहे, त्यात जाहिराती नाहीत, आणि त्यातल्या ‘सिलेक्टिव्ह’ ह्या साधनाने फोटोतल्या एका जागेवर बोट ठेवून तेवढाच भाग उजळता येतो. अशा वाचकाने उरलेला मजकूर नाही वाचला तरी चालेल.

रॉ वापरणाऱ्याने कोणत्याही विकतच्या सॉफ्टवेअरकडे वळण्याआधी आपल्याच कॅमेऱ्याच्या कंपनीने काय दिले आहे ते पाहावे. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ २०२१ मध्ये आले. कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि सोनीचे इमेजिंग एज डेस्कटॉप हेही मोफत आहेत. ह्यांची उपेक्षा होते ती अनाठायी आहे. निकॉनच्या कॅमेऱ्यात ‘ॲक्टिव्ह डी-लायटिंग’ चालू असेल, तर कॅमेरा उजळ भाग जळू नये म्हणून एक्सपोजर थोडे कमी ठेवू शकतो आणि जेपेग बनवताना सावल्या उजळून ती भरपाई करतो. तीच रॉ फाइल दुसऱ्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की ती सहसा काळवंडलेली दिसते, कारण भरपाईची ती सूचना त्याला कळत नाही. नवख्या माणसाला वाटते की आपलेच काही चुकले. एनएक्स स्टुडिओमध्ये तीच फाइल कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसली होती तशीच उघडते, आणि तिथून पुढे व्हाइट बॅलन्स, एक्सपोजर किंवा पिक्चर कंट्रोल बदलता येतो. अडचण दोन ठिकाणी येते. ही सॉफ्टवेअर सहसा आपल्याच कंपनीच्या रॉ फाइल उघडतात, त्यामुळे उद्या कॅमेरा बदलला तर सगळी सवय बदलावी लागते. शिवाय फोटोंची संख्या वाढली की त्यांतले शोधणे आणि वर्गवारी करणे फार संथ होते. वर्षाला दोन-चारशेच फोटो जपून ठेवणाऱ्याला हा पर्याय कित्येक वर्षे पुरू शकतो.

ह्यापुढे जायचे ठरले, की खरी निवड अडोबीचे लाइटरूम क्लासिक आणि मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा कोड सर्वांना खुला आहे असे, डार्कटेबल ह्या दोघांत असते. लाइटरूम २००७ मध्ये आले, डार्कटेबल २००९ मध्ये. दोन्हींची मूळ रीत एकच आहे: मूळ फाइलला हात लावायचा नाही, केलेल्या बदलांची केवळ नोंद ठेवायची आणि फोटो बाहेर काढताना ती नोंद लागू करायची. दोन्हींत एका बाजूला फोटो निवडण्याचे दालन आणि दुसऱ्या बाजूला संपादनाचे दालन असते. वरवर सारखेपणा इथपर्यंतच आहे.

कास पठारावरचा सप्टेंबरातला एक फोटो उदाहरणादाखल घेऊ. खाली गुलाबी तेरड्याचा गालिचा, मध्ये पिवळी सोनकी, आणि वर पावसाळी ढगांचे फटफटीत पांढरे आकाश. आकाश जळू नये म्हणून एक्सपोजर कमी ठेवले आहे, त्यामुळे फुले काळसर आली आहेत. लाइटरूममध्ये मास्किंग (फोटोचा ठरावीक भागच निवडून सुधारण्याची सोय) उघडून ‘सिलेक्ट स्काय’वर क्लिक केले, की काही क्षणांत आकाश वेगळे निवडले जाते. हायलाइट्सचा स्लायडर खाली ओढला की ढगांचे आकार परत येतात, मग तोच मास्क उलटा करून जमिनीचे एक्सपोजर वाढवले की फुले उजळतात. स्लायडरांची नावे ओळखीची आहेत आणि प्रत्येक स्लायडर अपेक्षेप्रमाणे वागतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी पाहण्याजोगा फोटो हाती येतो. धुक्यात क्षितिज विरघळलेले असेल किंवा गवताची पाती आकाशात घुसलेली असतील, तर मात्र मास्कची कड चुकते आणि पात्यांभोवती उजळ किनार राहते. ती ब्रशने हाताने सुधारावी लागते.

डार्कटेबलमध्ये हेच काम उलट्या टोकाने सुरू होते. आधी आकाशाकडे दुर्लक्ष करून ‘एक्सपोजर’ मॉड्यूलने (डार्कटेबलमधल्या प्रत्येक साधनाला मॉड्यूल म्हणतात) फुले योग्य तेवढी उजळ करायची. त्यानंतर दृश्यातला उजेड-अंधाराचा सगळा विस्तार पडद्याला झेपेल इतका आवळण्यासाठी फिल्मिक, सिग्मॉइड किंवा एजीएक्स ह्यांपैकी एक, आणि एकच, मॉड्यूल चालू ठेवायचे. मग ‘टोन इक्वलायझर’ उघडून माउसचा बाण फोटोतल्या आकाशावर न्यायचा आणि माउसचे चाक फिरवायचे, की त्या उजळपणाचे सगळे भाग एकत्र खाली उतरतात. ह्या साधनात उजेडाचे नऊ टप्पे असतात आणि कडा सांभाळण्याची सोय आधीच असते, त्यामुळे गवताच्या पात्यांभोवती किनार उमटत नाही. धुक्यातल्या, ढगाळ दृश्यासाठी मला हा निकाल लाइटरूमच्या एका क्लिकपेक्षा अधिक स्वाभाविक वाटतो. पण तिथवर पोहोचण्यासाठी साठाहून अधिक मॉड्यूलांतून आपल्या कामाची आठ-दहा ओळखावी लागतात. आवळणीचे काम करणारी दोन मॉड्यूल एकाच वेळी चालू राहिली तर फोटो का बिघडला हे कळत नाही. सुरुवातीचा एखादा महिना ह्या गोंधळात जातो आणि पुष्कळ जण त्याच टप्प्यावर डार्कटेबल सोडून देतात. त्यांना दोष देता येत नाही. सॉफ्टवेअरबरोबर मिळणारी मोफत पुस्तिका मात्र अतिशय नीट लिहिलेली आहे, आणि विखुरलेले व्हिडिओ पाहण्याऐवजी तिचे कामाच्या क्रमावरचे प्रकरण आधी वाचले तर तो महिना बराच आखूड होतो.

रात्रीच्या फोटोंत पारडे लाइटरूमकडे झुकते, हेही स्पष्टपणे सांगायला हवे. विसर्जनाच्या मिरवणुकीत गुलाल उडताना आयएसओ ६४०० वर काढलेल्या फोटोत दाणे येणारच. अडोबीने एप्रिल २०२३ मध्ये आणलेले एआयवर चालणारे ‘डीनॉइज’ हे दाणे काढताना ढोलाच्या दोऱ्या, फेट्याची वीण आणि चेहऱ्यावरचा गुलाल शाबूत ठेवते. डार्कटेबलचे ‘डीनॉइज प्रोफाइल्ड’ हे मॉड्यूल कॅमेरा आणि आयएसओ ओळखून आपली मात्रा स्वतः ठरवते आणि एका क्लिकमध्ये बरेच साफ काम करते, पण बारकावे टिकवण्यात ते मागे राहते. अर्थात अडोबीच्या ह्या सोयीला ताकदीचे ग्राफिक्स कार्ड लागते. साध्या लॅपटॉपवर एकेका फोटोला काही मिनिटे लागू शकतात, आणि पन्नास फोटो असले की संध्याकाळ त्यातच जाते. रात्रीचे किंवा जंगलातले, म्हणजे कायम चढ्या आयएसओचे फोटो काढणाऱ्याने डीएक्सओ कंपनीचे फोटोलॅबही पाहावे. त्याची ‘डीपप्राइम’ ही दाणे काढण्याची पद्धत फार उत्तम आहे आणि ते एकदाच पैसे देऊन घेता येते. किंमत मात्र हौशी खिशाला जड आहे.

आता तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. लाइटरूम क्लासिक फोटो स्वतःच्या पोटात ठेवत नाही. फोटो आपल्याच फोल्डरांत राहतात, आणि केलेले संपादन, दिलेले तारे, लावलेले शोधशब्द (कीवर्ड) ह्या सगळ्यांची नोंद ‘कॅटलॉग’ नावाच्या एका फाइलमध्ये होते. हे नीट न कळल्यामुळे कित्येक जण फोल्डर परस्पर इकडून तिकडे हलवतात आणि मग सॉफ्टवेअरला फोटो सापडत नाहीत, किंवा कॅटलॉगची प्रत न ठेवता हार्ड डिस्क बदलतात आणि वर्षांचे काम गमावतात. कॅटलॉग सेटिंगमध्ये बदल एक्सएमपी फाइलमध्ये आपोआप लिहिण्याचा एक पर्याय आहे. तो चालू केला की प्रत्येक रॉ फाइलच्या शेजारी एक छोटी फाइल तयार होते आणि संपादन फोटोबरोबर फिरते. व्हर्च्युअल कॉपी (एकाच फोटोच्या वेगळ्या संपादनाच्या नोंदी) आणि कलेक्शन (फोटोंचे गट) मात्र त्यात येत नाहीत, ती कॅटलॉगमध्येच राहतात. डार्कटेबलमध्ये अशी शेजारची फाइल मुळातच लिहिली जाते, त्यामुळे पेन ड्राइव्हवर उचललेले फोल्डर दुसऱ्या संगणकावर आयात केले की फोटो संपादनासकट उघडतात.

लाइटरूम वर्गणीवर मिळते, तेव्हा ती वर्गणी थांबवल्यावर काय होते, हे तर आधीच माहीत असायला हवे. लाइटरूम क्लासिक पूर्ण बंद पडत नाही. फोटो पाहता येतात, बाहेर काढता येतात, लायब्ररीतल्या ‘क्विक डेव्हलप’ने थोडेफार उजळताही येतात. पण ‘डेव्हलप’ हे मुख्य दालन बंद होते. म्हणजे पाच वर्षांपूर्वी बसवलेला एखादा मास्क किंचित बदलायचा असेल, तर पुन्हा वर्गणी भरावी लागते. २०१५ मधले लाइटरूम ६ हे एकदाच पैसे देऊन घेता येणारे शेवटचे लाइटरूम होते. त्यानंतर हा मार्ग बंद झाला. उलट डार्कटेबलची जुनी आवृत्ती कधीही पुन्हा बसवता येते, आणि नव्या आवृत्त्यांतही कालबाह्य झालेली मॉड्यूल जुन्या फोटोंपुरती राखून ठेवली जातात, त्यामुळे जुने संपादन तसेच उघडते. ज्याचा छंद कधी जोरात तर कधी मंद चालतो, त्याच्यासाठी ही बाब निर्णायक आहे. कॅमेरा कपाटात असतानाच्या महिन्यांचेही पैसे द्यायचे आणि थांबलो तर आपल्याच कामाला हात लावता येणार नाही, हा करार छंदाच्या स्वभावाशी जुळत नाही, असे मला मनापासून वाटते. वर्गणी घ्यायचीच असेल, तर अटी नीट वाचाव्यात. ‘वर्षाची योजना, दरमहा हप्ता’ हा प्रकार दरमहा योजनेसारखा दिसतो, पण तो वर्षाचा बांधील करार असतो आणि मध्येच सोडल्यास शुल्क लागू शकते.

क्रॅक केलेल्या प्रतींबद्दलही सांगतो, कारण आपल्याकडे त्या सर्रास वापरल्या जातात. त्या बेकायदा आहेत हे झालेच. शिवाय त्यांतून व्हायरस येतात, आणि अद्ययावत होत नसल्यामुळे नव्या कॅमेऱ्याची रॉ फाइल त्यांत उघडत नाही. डार्कटेबल मोफत आणि कायदेशीर उपलब्ध असताना ही जोखीम पत्करण्याला काही अर्थ नाही.

ज्यांना डार्कटेबलचा पसारा नको आणि वर्गणीही नको, त्यांच्यासाठी रॉथेरपी आहे. मला वाटते, नवख्या माणसासाठी हा सर्वांत दुर्लक्षित पर्याय आहे. हंगेरीच्या गाबोर होर्वाट ह्यांनी सुरू केलेले हे सॉफ्टवेअर जानेवारी २०१० पासून मुक्त स्रोत आहे. फोटो आयात करण्याची भानगड त्यात नाही. फोल्डर उघडले की फोटो दिसतात, आणि संपादनाची नोंद फोटोशेजारच्या पीपी३ फाइलमध्ये राहते. त्यातल्या ‘ऑटो-मॅच्ड टोन कर्व्ह’ ह्या सोयीने सुरुवातीची मोठी अडचण सुटते. रॉ फाइलच्या आत कॅमेऱ्याने बनवलेले एक छोटे जेपेग दडलेले असते, ते पाहून हे साधन रॉचा उजळपणा आणि उठाव त्याच्या जवळ आणून ठेवते. कॅमेऱ्यावर छान दिसलेला फोटो संगणकावर फिका का पडला, ह्या निराशेने होणारी सुरुवात त्यामुळे टळते. फोटोचा ठरावीक भाग निवडून सुधारण्याची साधने आणि नको असलेले डाग काढण्याची सोय त्यात २०२२ च्या ५.९ आवृत्तीपासून आली. पण ती वापरायला अवघड आहेत. शार्पनिंग आणि दाणे काढण्याचा परिणाम १०० टक्के मोठे केल्यावरच दिसतो, हे आधी माहीत नसेल तर स्लायडर चालत नाही असे वाटते. फोटोंची वर्गवारी आणि शोध हवा असेल, तर त्याच्या जोडीला डिजिकॅम हे मोफत सॉफ्टवेअर ठेवावे.

एका फोटोवर बारीक काम करणारी सॉफ्टवेअर ही वेगळी जात आहे: दोन फोटो जोडणे, विजेच्या तारा पुसणे, त्यावर शुभेच्छा लिहिणे. हौशी माणसाला त्यांची गरज कधीमधीच पडते. गिम्प मोफत आहे, आणि मार्च २०२५ मधल्या ३.० आवृत्तीपासून लावलेला फिल्टर नंतर बदलता येतो, ही जुनी उणीव भरून निघाली आहे. दिवाळीच्या शुभेच्छांसारखा मजकूर त्यात युनिकोडमध्ये लिहिला तर जोडाक्षरे नीट उमटतात. फोटोशॉपमध्ये मजकुराची सेटिंग भारतीय लिप्यांसाठी केलेली नसेल तर ती तुटतात. ॲफिनिटी हे सॉफ्टवेअर आधी एकरकमी विकत मिळत असे. २०२४ मध्ये कॅनव्हा ह्या ऑनलाइन डिझाइनच्या कंपनीने त्याची कंपनी विकत घेतली आणि ऑक्टोबर २०२५ पासून ते कॅनव्हाचे खाते उघडणाऱ्याला मोफत दिले जाते. काम उत्तम करते, परंतु हे मोफत एका कंपनीच्या धोरणावर अवलंबून आहे आणि गिम्पचे मोफत तसे नाही, एवढे ध्यानात ठेवून वापरावे. फोटोशॉप एलिमेंट्स आता तीन वर्षांच्या परवान्यावर मिळते. रॉ फाइलचे काम मुख्य असणाऱ्याने त्यात पैसे घालावेत असे मला वाटत नाही.

संगणकाचाही विचार करावा लागतो. लाइटरूम क्लासिकला किमान ८ जीबी रॅम लागते आणि १६ जीबी असावी अशी शिफारस आहे. डार्कटेबल ८ जीबीवर ठीक चालते आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर वेग चांगलाच वाढतो. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी लाइटरूम उपलब्धच नाही. ह्याहून महत्त्वाचा मुद्दा पडद्याचा आहे. स्वस्त लॅपटॉपच्या फिक्या पडद्यावर तेरड्याचा गुलाबी रंग अचूक ठरवणे कोणत्याच सॉफ्टवेअरला शक्य नाही. आपण रंग चढवत जातो आणि तोच फोटो चांगल्या फोनवर भडक दिसतो. वर्गणीसाठी बाजूला काढलेले पैसे असतील, तर दोन-तीन वर्षांच्या त्या रकमेतून आधी एक बरा आयपीएस (रंग नीट दाखवणाऱ्या पडद्याचा) मॉनिटर आणि फोटोंची दुसरी प्रत ठेवायला एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मग कोणी काय निवडावे? दर आठवड्याला नियमाने फोटो काढणारा, वेळेची खरी चणचण असलेला, रात्रीचे फोटो अधिक काढणारा आणि वर्गणी सहज परवडणारा माणूस असेल, तर त्याने लाइटरूम क्लासिक निःशंकपणे घ्यावे. ह्या माणसासाठी त्याच्याइतके सरळ दुसरे काही नाही. रॉ नुकतेच सुरू केलेल्याने कॅमेऱ्याच्या कंपनीचे सॉफ्टवेअर किंवा रॉथेरपी ह्यांपैकी एक धरून एक मोसम तरी काढावा. आणि ज्याला फोटो घडवण्याची प्रक्रियाच आवडते, एका फोटोवर तासभर बसण्यात ज्याला आनंद आहे, त्याने डार्कटेबलचा पहिला कठीण महिना सोसावा. लाइटरूमची सात दिवसांची मोफत चाचणी घेऊन, कठीण उजेडातले आपलेच थोडे फोटो तिन्हींत करून पाहता येतात. ही चाचणी सुट्टीच्या आठवड्यात सुरू करावी, एरवी सात दिवस नुसतेच निघून जातात.

आधीच लाइटरूमवर असलेल्या आणि तिथून निघू पाहणाऱ्या वाचकाने वर्गणी संपण्याआधी दोन कामे करावीत. सगळे फोटो निवडून नोंदी एक्सएमपी फाइलमध्ये लिहून घ्याव्यात. तारे आणि शब्द डार्कटेबलला वाचता येतात, संपादनातले मात्र थोडेच त्याला कळते आणि मास्क तर अजिबात येत नाहीत. म्हणून अखेरचे मानलेले फोटो १६ बिटच्या टिफ (बारकावे न गमावता फोटो साठवणारा फाइलचा प्रकार) मध्ये बाहेर काढून ठेवावेत. २४ मेगापिक्सेलच्या एका फोटोची अशी टिफ आवळली नाही तर सुमारे १४४ एमबीची होते, तेव्हा निवड कडक हवी. उरलेल्यांसाठी पूर्ण आकाराचे जेपेग आणि शेजारी मूळ रॉ फाइल पुरेशी आहे.